काडतुसाची लांबी मोजताना: टोकाचा नाद सोडा, बाक धरा

“दहा काडतुसं भरली, मधे डायला हातही लावला नाही, तरी प्रत्येकाची लांबी वेगळी येते. प्रेस बिघडलाय का?”

इथे टेक्सासमध्ये रेंजवर भेटणाऱ्या, नव्याने हँडलोडिंग (स्वतः काडतुसं भरणं) सुरू केलेल्या आपल्या लोकांकडून हा प्रश्न मी इतक्यांदा ऐकला आहे की शेवटी सगळं एकदा सविस्तर लिहून काढायला बसलो. बहुतेक वेळा प्रेस (काडतूस दाबून भरायचं यंत्र) ठीक असतो आणि डायही (त्यात बसवायचा साचा) ठीक असते. मोजायची जागा चुकलेली असते, किंवा मोजायच्या आधीची तयारी राहिलेली असते.

सुरुवातीलाच कायद्याचं स्पष्ट सांगतो. भारतात १९५९च्या शस्त्र कायद्यानुसार परवान्याशिवाय दारूगोळा बनवता येत नाही, तेव्हा तिकडच्या वाचकांनी हे घरी करून पाहू नये. अमेरिकेत स्वतःच्या वापरासाठी काडतुसं भरायला फेडरल परवाना लागत नाही, विक्रीसाठी लागतो. पण एच-१बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर असाल तर बंदूक आणि दारूगोळा बाळगायलाच फेडरल कायद्याची सर्वसाधारण मनाई आहे. शिकारीचा वैध परवाना असे मोजके अपवाद आहेत. आधी आपण कुठे बसतो ते वकिलाकडून नीट समजून घ्या, मग प्रेस विकत घ्या.

दारू कोणती, किती, कुठल्या गोळीसोबत, हे या लेखात नाही. ते फक्त छापील लोडिंग मॅन्युअलमधून घ्यायचं असतं. इथे विषय एकच: लांबी.

## आधी हे पक्कं करा: लांब्या दोन आहेत

पहिली लांबी काडतुसाच्या बुडापासून गोळीच्या टोकापर्यंतची. मॅन्युअलमध्ये छापलेली असते ती ही. ‘सामी’ या अमेरिकी उद्योगसंस्थेने ठरवलेली कमाल मर्यादा .३०८ विंचेस्टर या काडतुसासाठी २.८१० इंच, .२२३ रेमिंग्टनसाठी २.२६०, ६.५ क्रीडमूरसाठी २.८२५ आणि .३०-०६ स्प्रिंगफील्डसाठी ३.३४० इंच आहे. या लांबीचं काम दोन ठिकाणी पडतं: काडतूस मॅगझिनमध्ये (रायफलीतल्या काडतुसांच्या पेटीत) मावतं का ते पाहायला, आणि मॅन्युअलच्या आकड्याशी ताडून पाहायला.

दुसरी लांबी बुडापासून गोळीच्या बाकापर्यंतची. गोळीचा सरळ भाग संपून ती निमुळती होऊ लागते, त्या बाकाला ओजाइव्ह म्हणतात. नळीच्या आत रायफलिंगच्या (गोळीला फिरकी देणाऱ्या) दोन खाचांच्या मधे जे उंचवटे असतात ते लँड्स. गोळी पुढे सरकली की या बाकावरचं एक ठरावीक वर्तुळ सगळ्यात आधी लँड्सना टेकतं, टोक कशालाच टेकत नाही. गोळी लँड्सपासून किती मागे बसवायची हे ठरवताना म्हणूनच हीच लांबी लागते.

आता सुरुवातीच्या प्रश्नाचं उत्तर. सीटिंग डायमधला (गोळी बसवणाऱ्या डायमधला) स्टेम, म्हणजे दाबणारा दांडा, गोळीला टोकावर दाबत नाही, त्याची वाटी बाकावर बसते. म्हणजे प्रेस प्रत्येक गोळी बाकाच्या हिशोबाने सारखीच बसवत असतो. पण पोकळ टोकाच्या मॅच गोळ्यांचं टोक कारखान्यात तांब्याचं जॅकेट आत वळवून बंद केलेलं असतं आणि त्याची कड प्रत्येक गोळीवर थोडी वेगळी येते. भिंगाखाली पाहिलीत तर ती कागद फाडल्यासारखी खडबडीत दिसते. मऊ शिशाच्या टोकाच्या गोळ्या तर डब्यात एकमेकींवर आपटूनच चेपतात.

सुरुवातीच्या दिवसांत मी .३०८ची वीस काडतुसं टोकापर्यंत मोजली. आकडे २.७९६ ते २.८०५ असे पसरले होते, म्हणजे नऊ थाऊंचा फरक. (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, ०.०२५४ मिलिमीटर. आपल्या भोसरी-चाकणच्या मशीनवर काम केलेल्यांना हा शब्द नवा नाही.) मी प्रत्येक काडतुसानंतर डाय थोडी खाली-वर करत गेलो आणि सारख्या बसलेल्या गोळ्या माझ्याच हाताने वेगवेगळ्या खोल बसवून ठेवल्या. वीसच्या वीस काडतुसं पुलरने (गोळी उपसून काढायच्या साधनाने) उकलावी लागली.

## टप्पा १: कॅलिपरवर विश्वास ठेवण्याआधी

अकरावीच्या प्रॅक्टिकलला व्हर्नियर हातात घेतला की पहिला प्रश्न असायचा, झीरो एरर किती? इथेही सुरुवात तिथूनच.

१. दोन्ही जबडे स्वच्छ सुती कापडाने पुसा. मग स्वच्छ कागदाची पट्टी जबड्यांत हलकेच धरून ओढून काढा, राहिलेला कण तिच्यासोबत निघून येतो. पितळेचा डोळ्यांना न दिसणारा एक कणही आकडा दोन थाऊंनी हलवतो.

२. जबडे मिटून शून्य करा. दहा वेळा उघडा, दहा वेळा मिटा. प्रत्येक वेळी शून्यच यायला हवं.

३. जबडे मिटून उजेडासमोर धरा. फट दिसली तर जबडे झिजलेले आहेत. तो कॅलिपर या कामाचा नाही.

४. माहीत असलेल्या मापाची वस्तू मोजा. स्लिप गेज (अचूक मापाचा पोलादी ठोकळा) असेल तर उत्तम. शून्य बरोबर आणि दोन इंचांवर चूक, असे कॅलिपर मी पाहिले आहेत, आणि काडतूस दोन-तीन इंचांचंच असतं.

५. अंगठ्याचा दाब प्रत्येक मोजणीला सारखा ठेवा. एकच पुंगळी (काडतुसाचं पितळी कवच) सलग दहा वेळा मोजून पाहा. आकडे एका थाऊपेक्षा जास्त हलत असतील तर पुढे जाऊ नका, हात बसेपर्यंत सराव करा.

डिजिटल कॅलिपरची बॅटरी उतरत आली की आकडे मनाने उड्या मारतात. सुटे सेल टेबलावरच ठेवा.

## टप्पा २: पुंगळी तयार नसेल तर लांबी खोटीच येणार

मोजमाप बुडापासून होतं. बूडच सपाट नसेल तर पुढचे सगळे आकडे फुकट. हा टप्पा लोक सर्रास गाळतात, म्हणून जरा सावकाश सांगतो.

पुंगळी उलटी धरून बुडावरून नख फिरवा. अर्धस्वयंचलित रायफलीतून उडालेल्या पुंगळीच्या बुडाला इजेक्टरमुळे (पुंगळी बाहेर फेकणाऱ्या भागामुळे) पितळेचा बारीक कंगोरा येतो, तो नखाला लागतो. असा कंगोरा असेल तर कॅलिपरचा जबडा त्याच्यावर बसतो आणि लांबी जास्त दाखवतो. बारीक पॉलिश कागद सपाट काचेवर ठेवून पुंगळी त्यावर अगदी हलक्या हाताने फिरवा, म्हणजे कंगोरा जाईल. कंगोरा ठळक असेल, प्रायमरची (बुडात बसणाऱ्या, दारू पेटवणाऱ्या टोपीची) बैठक सैल झाली असेल किंवा बुडाजवळ चकाकणारी वर्तुळाकार रेघ दिसत असेल, तर पुंगळी टाकून द्या.

मग प्रायमर. तो बुडाच्या पातळीच्या किंचित आत, साधारण तीन ते पाच थाऊ आत बसलेला हवा. बोट फिरवलं की लहानशी खोलगट जागा लागते. तो वर आलेला असेल तर आकडा तर चुकतोच, शिवाय बोल्ट (नळी मागून बंद करणारा भाग) बंद होतानाच काडतूस पेटण्याचा धोका असतो.

> इशारा: प्रायमर वर राहिलेलं भरलेलं काडतूस प्रेसमध्ये घालून परत दाबू नका. ते बाजूला काढा, उकला आणि नव्याने भरा.

शेवटी पुंगळीची स्वतःची लांबी. .३०८ची पुंगळी जास्तीत जास्त २.०१५ इंच असावी आणि कापून २.००५वर आणतात. .२२३साठी हेच आकडे १.७६० आणि १.७५०. लांब पुंगळीचं तोंड चेंबरच्या (नळीतल्या काडतूस बसायच्या जागेच्या) पुढच्या कडेत घुसून गोळीला आवळून धरतं आणि दाब धोक्याच्या पातळीपर्यंत चढतो. मोजायचं रिसायझिंगनंतर (उडून फुगलेली पुंगळी डायने पुन्हा मापात आणल्यावर), कारण रिसायझिंगमध्ये पुंगळी लांबते. आधी मोजून “ठीक आहे” म्हणणं ही इथली नेहमीची चूक.

## टप्पा ३: मॅगझिनची हद्द

हे पटकन होतं. मॅगझिनच्या आतल्या बाजूची लांबी मोजा आणि त्यातून दहा-पंधरा थाऊ सोडा. काडतूस वर सरकताना टोक पुढच्या भिंतीला घासायला नको. एआर-१५ या अर्धस्वयंचलित रायफलीच्या मॅगझिनला .२२३चं २.२६० हे माप मनात ठेवूनच चाला. बोल्ट अॅक्शनची मॅगझिनं वेगवेगळी असतात, तेव्हा दुसऱ्याचा आकडा न घेता आपली मोजा.

ही हद्द वहीत लिहून ठेवा. लँड्सपर्यंतची लांबी कितीही आली तरी मॅगझिनमधून वापरायची काडतुसं या हद्दीतच राहतील.

## टप्पा ४: आपल्या रायफलीत लँड्स कुठे आहेत

खरं काम इथे आहे. लागणारं साहित्य: ओएएल गेज (पुंगळीत गोळी सरकती ठेवून चेंबरमध्ये नेणारी नळी), आपल्या कॅलिबरची मॉडिफाइड पुंगळी (बुडाला आटे पाडलेली), कॅलिपरला लावायचा कम्पॅरेटर (बाकापर्यंत मोजायचं जोडसाधन) आणि त्याचा योग्य इन्सर्ट (गोळीच्या बाकावर बसणारा भोकाचा तुकडा), क्लीनिंग रॉड, आणि ज्या गोळ्या तुम्ही प्रत्यक्ष वापरणार त्यांच्याच डब्यातली एक गोळी.

> इशारा: या टप्प्यात टेबलावर एकही भरलेलं काडतूस नको. दारू दुसऱ्या खोलीत. रायफल रिकामी आहे हे डोळ्यांनी पाहा आणि चेंबरमध्ये बोट घालूनही पाहा. लांबी तपासायला घरात भरलेलं काडतूस चेंबरमध्ये घालणं, ही चूक एकदाही व्हायला नको.

१. बोल्ट काढा. चेंबर आणि त्याच्या पुढचा घसा नीट साफ करा. तिथे साचलेल्या कार्बनच्या कड्यामुळे गोळी लँड्सच्या अलीकडेच अडते आणि तुम्हाला वाटतं लँड्स जवळ आहेत.

२. मॉडिफाइड पुंगळी गेजवर घट्ट फिरवून बसवा. गोळी पुंगळीत आत सरकवून ठेवा.

३. गेज चेंबरमध्ये घाला आणि पुंगळीचा खांदा (मानेखालचा उतार) चेंबरच्या खांद्याला पक्का टेकेपर्यंत ढकला. हा दाब शेवटपर्यंत सोडायचा नाही. इथे हात सैल पडला की पुंगळी मागे सरकते आणि आकडा लांब येतो.

४. आतला दांडा बोटाने हलकेच पुढे सारा. गोळी लँड्सना टेकली की मऊ थांबा जाणवतो. पेनाचं टोपण बसताना शेवटी जसं बोटाला कळतं, तेवढंच. दांड्यावर टिचकीसारखे दोन हलके ठोके द्या आणि स्क्रू आवळा. जोर लावलात तर गोळी लँड्समध्ये रुतते आणि आकडा पाच-दहा थाऊंनी वाढतो.

५. गेज बाहेर काढा. गोळी आत अडकली असेल तर नळीच्या तोंडाकडून क्लीनिंग रॉड घालून हळूच मागे सारा. रॉड आधीच तयार ठेवा, म्हणजे ऐन वेळी पेचकस शोधून घशात घालायची वेळ येत नाही.

६. गोळी परत पुंगळीत टेकवा आणि कम्पॅरेटरने बुडापासून बाकापर्यंत मोजा. कम्पॅरेटर लावल्यावर कॅलिपर पुन्हा शून्य करायचा असतो, हे अर्धेअधिक लोक विसरतात. इन्सर्ट तिरका बसलेला नाही ना आणि त्याच्या भोकात तांब्याचा कण नाही ना, तेही पाहा.

७. हे सगळं त्याच गोळीने निदान पाच वेळा करा.

माझ्या एका .३०८मध्ये आलेले पाच आकडे असे: २.२३१, २.२३०, २.२३१, २.२३८, २.२३०. चौथ्या वेळी माझा हात जड पडला होता. गोळी बाहेर काढून पाहिली तर बाकावर लँड्सच्या बारीक चौकोनी खुणा उमटलेल्या होत्या, उरलेल्या चार वेळा फक्त पुसटसा ओरखडा होता. तो आकडा सोडून दिला. जास्तीत जास्त आलेला आकडा कधीच धरू नका, आणि पाचांची डोळे झाकून सरासरीही काढू नका. जे आकडे एकमेकांजवळ बसतात तेच खरे.

एक दुरुस्ती, जी बहुतेकांकडून राहून जाते. मॉडिफाइड पुंगळी तुमच्या चेंबरमध्ये उडालेली नसते, म्हणून तिची बुडापासून खांद्यापर्यंतची लांबी तुमच्या रिसाइझ केलेल्या पुंगळीपेक्षा सहसा कमी असते. खांदा टेकला तरी तिचं बूड थोडं पुढे राहतं आणि मोजलेली लांबी तेवढीच आखूड येते. खांद्याच्या कम्पॅरेटरने दोन्ही पुंगळ्या मोजा. आपली पुंगळी समजा चार थाऊंनी लांब असेल, तर लँड्सच्या आकड्यात चार मिळवा: २.२३०चं २.२३४ होईल. लँड्सपासून वीस थाऊ मागे बसायचं असेल तर चार थाऊंची चूक म्हणजे पाचवा हिस्सा चूक.

### गेज नसेल तर

सपाट टोकाचा क्लीनिंग रॉड आणि त्यावर स्क्रूने आवळता येणाऱ्या दोन कड्या पुरतात. रिकाम्या रायफलीचा बोल्ट बंद करा, पण तो कॉक केलेला ठेवा. नाहीतर फायरिंग पिन पुढे आलेली असते आणि रॉड तिच्यावर टेकतो. तोंडाकडून रॉड बोल्टला टेकेपर्यंत घाला आणि नळीच्या तोंडाशी पहिली कडी आवळा. मग बोल्ट काढा, गोळी पेन्सिलीने मागून हलकेच लँड्सना टेकवून धरा, रॉड टोकाला टेकवा आणि दुसरी कडी आवळा. दोन कड्यांच्या एकाच बाजूच्या कडांमधलं अंतर म्हणजे बुडापासून टोकापर्यंतची लांबी, फक्त *त्याच* गोळीची. तीच गोळी दारू आणि प्रायमरशिवाय पुंगळीत त्या लांबीवर बसवा आणि मग बाकापर्यंत मोजा. इथे बूड म्हणजे बोल्टच असल्यामुळे वरची दुरुस्ती करावी लागत नाही.

> पडताळणी: जमल्यास दोन्ही पद्धतींनी मोजा. दुरुस्ती धरून आकडे तीन-चार थाऊंच्या आत जुळले तर पुढे जा. दहा थाऊंचा फरक असेल तर टप्पा १पासून पुन्हा.

## टप्पा ५: डाय लावणे

लँड्सचा आकडा मिळाला म्हणजे तिथेच गोळी बसवायची असं नाही. गोळी लँड्सना टेकवली किंवा त्यांत रुतवली की सुरुवातीचा दाब वाढतो. उलट मॅन्युअलच्या लांबीपेक्षा खूप खोल बसवली तर पुंगळीतली जागा कमी होते आणि दाब तसाही वाढतो. मॅन्युअलमध्ये ज्या लांबीवर चाचणी केली आहे ती ओलांडून कुठल्याही बाजूला गेलात तर दारू पुन्हा सुरुवातीच्या वजनापासून चढवत न्यायची. ही अट मोडू नका. मी स्वतः वीस थाऊ मागून सुरुवात करतो.

पहिलं काडतूस डमी करा: रिसाइझ केलेली पुंगळी, दारू नाही, प्रायमर नाही. तिच्या बाजूला ड्रिलने आधीच एक भोक पाडून ठेवा, म्हणजे पुढे कधी कोणाच्या हातात आली तरी ती रिकामी आहे हे लांबून दिसेल.

स्टेम बराच वर ठेवून गोळी हव्या लांबीपेक्षा पन्नास थाऊ लांब बसवा. मोजा. स्टेम थोडा खाली, पुन्हा दाबा, पुन्हा मोजा. आपल्या डायवर स्टेमचा पाव फेरा किती थाऊ चालतो हे या वेळी लिहून घ्या, पुढे कायम उपयोगी पडेल. शेवटचे पाच थाऊ दोन-दोन करत जा. गोळी आत जाते, पण प्रेसने परत बाहेर येत नाही, म्हणून कायम लांबीच्या बाजूने खाली यायचं. लॉक रिंग आवळल्यावर पुन्हा एकदा मोजा, कारण आवळताना डाय थोडी फिरते.

हे डमी मॅगझिनमध्ये घालून पाहा, मग चेंबरमध्ये. काढल्यावर गोळीवर लँड्सच्या खुणा दिसायला नकोत.

## टप्पा ६: भरताना आणि भरल्यावर

पहिली पाच काडतुसं सगळी मोजा, नंतर दर पाचाला एक. बाकापर्यंतचे आकडे दोन थाऊंच्या आत असतील तर उत्तम. एखादं काडतूस वेगळं आलं तर लगेच डाय फिरवू नका. आधी ते बोटांत फिरवून तीन जागी मोजा, मग बूड आणि प्रायमर पाहा, मग इन्सर्टचं भोक. दहातल्या नऊ वेळा दोष तिथेच सापडतो. काडतूस खरोखरच लांब असेल तर पुन्हा दाबता येतं. आखूड झालं असेल तर ते वेगळ्या डब्यात, उकलण्यासाठी.

फरक सारखाच वाढत असेल तर पुंगळ्यांचं तोंड गोळीला किती घट्ट धरतंय ते पाहा. काही पुंगळ्या एकदा उडालेल्या आणि काही आठ वेळा, अशी मिसळ असली की प्रेसच्या दांड्यावर लागणारा जोर बदलतो आणि गोळी वेगवेगळी बसते. हाताला तो फरक कळतो. एखादी गोळी अगदी सहज गेली तर ते काडतूस वापरू नका.

दारू गोळीखाली दाबली जात असेल तर ती हळूहळू गोळीला वर ढकलते. संध्याकाळी भरलेली पाच काडतुसं सकाळी पुन्हा मोजा.

अर्धस्वयंचलित रायफलीसाठी आणखी एक तपासणी आहे, पण ती रेंजवरच करायची, नळी लक्ष्याकडे ठेवून. एक काडतूस मॅगझिनमधून चेंबरमध्ये जाऊ द्या, न उडवता बाहेर काढा आणि मोजा. आधीच्या आकड्यापेक्षा ते आखूड झालं असेल तर आपटून गोळी मागे सरकते आहे. ते काडतूस पुन्हा चेंबरमध्ये घालायचं नाही आणि त्या लॉटमधली उरलेलीही थांबवायची.

## वहीत काय लिहायचं

इंटरनेटवर कोणी “माझे लँड्स २.२४०ला” असं लिहिलं तर तो आकडा उचलू नका. कम्पॅरेटरच्या इन्सर्टचं भोक आणि प्रत्यक्ष लँड्स यांचा व्यास तंतोतंत एक नसतो आणि एकाच कंपनीचे दोन इन्सर्टही किंचित वेगळे असतात. हा आकडा फक्त तुमची रायफल, तुमचा इन्सर्ट आणि तुमच्या गोळीचा लॉट एवढ्यांपुरता खरा असतो. इन्सर्ट हरवून नवा घेतलात तर लँड्सचा आकडाही नव्याने काढा.

म्हणूनच टप्पा ४मधली ती एक गोळी टाकून देऊ नका. लहान पिशवीत घालून तारीख लिहा. नळी उडत जाते तशी लँड्सची कड झिजून पुढे सरकते. काहीशे फैरींनंतर त्याच गोळीने मोजलं तर फरक नळीचा आहे, गोळीचा नाही, हे नक्की समजतं. नव्या लॉटचा डबा उघडला की त्यातल्या पाच गोळ्या त्यांच्या स्वतःच्या बुडापासून बाकापर्यंत मोजून या जुन्या गोळीशी ताडून पाहा.

माझ्या वहीतलं एक पान असं आहे:

.३०८, बोल्ट अॅक्शन. मॅगझिन हद्द २.८२५. लँड्स २.२३४ (२.२३० + दुरुस्ती ०.००४). गोळी वीस मागे: २.२१४. इन्सर्ट क्रमांक ३०, जुना. चेंबर साफ करून मोजलं. चौथा आकडा सोडला, हात जड.